दोन घरांचा एक न्यूट्रल

१८ जानेवारी, रविवार

सुरेशच्या नव्या बाथरूमचं काम संपलं. आक्कासाठी, माझ्या थोरल्या बहिणीसाठी बांधलंय. धरायला भिंतीला स्टीलचा दांडा, खाली खरबरीत फरशी, वर गिझर. पाय घसरू नये म्हणून आईला रबराच्या चपलासुद्धा आणल्यात. एकवीस वर्षं मिलिटरीत काढून आलेला गडी, करतो ते नेटकं.

मला म्हणाला, "मामा, एक वस्तू सांगलीतनं आणलीया. तेवढी बसवून द्या." पुड्यातनं डबी काढली. दोन बोटं रुंद, पुढं पिवळं बटन. "आमच्या क्वार्टरला हर घरात हुती. माणसाला शॉक लागला की डोळं मिटायच्या आत लाइट बंद करती."

बसवली. बटन दाबलं, टक्कन पडली. वर केली, परत दाबलं. लहान पोरासारखं चार वेळा. पन्नासएक वर्षं या हातांनी तारा ओढल्या, पण असली डबी कधी बसवली नव्हती. तसं बोललो नाही. म्हातारा वायरमन आणि म्हातारा वैद्य, दोघांनी सगळं येतंय असंच दाखवायचं असतं.

आक्का या महिन्यात थोरल्याकडं, आनंदाकडं आहे. एक तारखेला धाकट्याकडं. वाटणी झाल्यापासून हे असंच, अकरा वर्षं. घर एकच, मध्ये भिंत घातली. दोघे भाऊ तेव्हापासून बोलत नाहीत.

२१ जाने., बुधवार

डबी पडते. स. सहाच्या ठोक्याला. आनंदा पाण्याची मोटर चालू करतो आणि भिंतीअलीकडं सुरेशच्या घरात अंधार.

सुरेश : "दादा मुद्दाम करतोय. तीन दिस झालं, मी घड्याळ लावून बघितलंय."
मी : "आरं, भिंतीपलीकडनं त्याला तुझी डबी पाडता येत असती तर ऊस सोडून जादूचं खेळ करत फिरला असता की त्यो."
हसला नाही.

२४ जाने.

सुरेशनं डबी बदलून आणली. दुसऱ्या कंपनीची. तीही पडते. आता आनंदाच्या शालननं मिक्सर लावला तरी पडते. सुरेशची मनीषा म्हणते, "मामा, एका भाकरीला तीनदा अंधार. शेवटाला बॅटरी तोंडात धरून उलाथनं वापरलं."

डब्याच खराब येतात हल्ली, असं म्हणालो. सगळे माझं ऐकतात. त्याचीच कधी कधी भीती वाटते.

२७ जाने.

वाईट झालं. सुरेश भर गल्लीत उभा राहून आनंदाला बोलला. "आईसाठी केलंय मी ते! आईचा वैरी हायस तू, वैरी!" आनंदा खुरपं घेऊन रानात निघाला होता. थांबला, काही बोलला नाही, तसाच गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मनात काहीतरी हललं. एक जागा आठवू लागली. मी मान वळवून दुसरीकडं बघितलं.

३० जाने., शुक्रवार

सुरेश आष्ट्याला ड्युटीवर. तिथं कोल्ड स्टोरेजवर वॉचमनचं काम धरलंय त्यानं. मनीषा आली, "मामा, आत्याबाई दोन दिवसांत येणार. आंघोळीचं पाणी निम्मं तापलं की डबी पडती. तेवढी तात्पुरती डायरेक्ट करून द्या, हे कंपनीचा माणूस बोलावणार हायती."

केली. दोन तारा डबीला बगल देऊन सरळ जोडल्या. पाच मिनिटांचं काम. डबी भिंतीवर जागच्या जागी, दिसायला राजा, आतनं रिकामी.

१ फेब्रुवारी, रविवार

आक्काची पाळी बदलली. एक ट्रंक, पितळी तांब्या, गोळ्यांची पिशवी. आनंदा ट्रंक सुरेशच्या उंबऱ्यापर्यंत आणतो आणि खाली ठेवतो. तो मागं फिरला की सुरेश ती उंबऱ्यावरनं उचलतो. एकमेकांच्या हातात देत नाहीत. अकरा वर्षं ती ट्रंक महिन्यातनं एकदा उंबऱ्यावर टेकते. पत्र्याला तिथं खड्डा पडलाय.

आक्का काठी टेकत मागनं. बारा पावलं सगळी. ब्याऐंशी वय. मला बघून म्हणाली, "गणू, बदली झाली बघ माझी. बंदुकीबिगर फौजी हाय मी."

९ फेब्रु.

आक्काचा उजवा हात जड झालाय. बोटं वळत नाहीत म्हणते. "वात हाय रं. वय झालं." हिनं निरगुडीचं तेल दिलं. आमच्या मंडळींच्या औषधाला गुण नाही म्हणायची सोय नाही, तेव्हा आक्का म्हणते जरा बरं वाटतंय.

१३ फेब्रु., शुक्रवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी आक्काला विचारलं, हात कधी जास्त जड होतो?
"आंघोळीच्या वक्ताला. नळ धरला की मुंग्या येत्यात. परवा पार कोपरापातूर गेल्या."
"आक्का! कुणाला सांगितलंस?"
"कशाला सांगू? धाकट्यानं हौसंनं बांधलंय. त्याला वाईट वाटंल. आन् थोरल्याला कळलं तर गावभर बोंबलंल, बघा, आईला शॉक देतोय म्हणून. घातलं तेल, झालं."

तसाच उठलो. टेस्टर नळाला लावला. टेस्टरचा दिवा लागला.

नळाला. ज्याला हात लावून माझी बहीण तेरा दिवस आंघोळ करते त्या नळाला. गिझर आतनं फुटलाय, करंट पाण्यात उतरतोय. आणि तो ओळखून लाइट तोडणारी डबी मीच बगल देऊन मुकी केलेली. वाचली ती त्या रबराच्या चपलांनी. घसरू नये म्हणून आणलेल्या.

गिझरची तार काढली. बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. आक्का म्हणते, "काय रं, चक्कर आली काय? वय झालं तुझंबी."

१५ फेब्रु.

पल्लवीला बोलावलं. बौद्ध वस्तीतली पोर, पलूसला आयटीआय केलं. आता कुंडल ते पलूस स्कूटीवर फिरून घरं वायरिंग करते. आठ वर्षांपूर्वी माझ्याकडं आली होती, हाताखाली घ्या म्हणून. पोरीच्या जातीला खांबावर चढणं शोभत नाही असं म्हणून मी तिला हसून वाटेला लावली होती. आज आली तर त्यातलं काही तोंडावर नाही. "बोला आजोबा."

चिमट्यासारखं मीटर तारेभोवती धरलं, आकडे बघितले. मग सुरेशला मांडी घालून समजावलं. जेवढा करंट एका तारेनं घरात जातो, तेवढाच दुसऱ्या तारेनं, न्यूट्रलनं, परत यायला पाहिजे. डबी एवढंच बघत बसते, गेला किती, आला किती. थोडा जरी कमी आला तर ती समजते, कुणाच्या तरी अंगातनं जमिनीत चाललाय. मग तोडते.

"डबी चांगली आहे, दादा. दोन्ही चांगल्या होत्या. तुमचा आणि तिकडच्या घराचा न्यूट्रल भिंतीत कुठंतरी एकमेकाला जोडलाय. तिकडं मोटर लागली की तिकडचा करंट तुमच्या तारेनं परत येतो. तुमचा तिकडनं जातो. डबीला मेळच लागत नाही."

सुरेश म्हणाला, "म्हंजी दादानंच माझ्यातनं तार घेतलीया."
पल्लवी : "कुणी घेतली ते मी कशी सांगू? पण जोड कुठं आहे ते कळलं पाहिजे. आजोबा, तुम्हाला काही अंदाज?"
"काय की," मी म्हणालो. "जुनं काम हाय."

आक्का पलंगावर बसून होती. माझ्याकडं बघितलं तिनं. फक्त बघितलं.

पल्लवीनं फुटका गिझर काढला, बाथरूमला नव्या तारेची वेगळी लाइन ओढली, अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा घेतला. जुना अर्थिंगचा खड्डा वाटणीत आनंदाच्या वाट्याला गेलाय, त्याकडं आजवर कुणाचं लक्षच नव्हतं. नवा गिझर येईल तोवर आक्कासाठी पाणी चुलीवर. बाथरूमच्या लाइनवर डबी टिकली.

जाताना म्हणाली, "बाकी घर डबीबिगर उघडंच आहे. आणि आजी एक तारखेला तिकडं जाणार ना? तिकडं पाणी कशावर तापवतात?"
बादलीत कॉइल सोडून. स्टीलच्या बादलीत. मला ठाऊक होतं.
"मग तिकडं डबी पाहिजेच. पण जोड सुटल्याशिवाय तिथंही टिकणार नाही."

१७ फेब्रु.

इथं तरी खरं लिहू.

जोड कुठं आहे ते मला ठाऊक आहे. आनंदाच्या देवघरात, देवांच्या फळीच्या मागं, गिलाव्याखाली. मीच ठेवलाय.

वाटणी झाली तेव्हा सुरेश रजेवर होता. सह्या करून गेला निघून. जाताना मला सांगून गेला, मामा, दोन मीटर करा, तारा वेगळ्या करा. सगळ्या केल्या. एक राहिली. देवघराच्या भिंतीत जुनी पेटी होती, त्यात दोन्हीकडचे न्यूट्रल एकत्र. ती उघडायची तर देव हलवायचे. त्यांच्या घरचा रिवाज असा की कुळाचे टाक थोरल्याकडं राहतात, आणि फळीवरनं हलवायचे तर सगळ्या भावांनी मिळून हात लावायचा. एकट्यानं हलवले तर देव रुसतात म्हणे. एक भाऊ सरहद्दीवर, दुसरा त्याचं नाव काढू देईना. कुणाला सांगणार? म्हटलं राहू दे. दिवे तर लागतायत. वर गिलावा मारला.

आजवर मनाला समजावत आलो की मी मायेनं ठेवलं. दोघांत एक तरी तार जोडलेली असू दे, आज ना उद्या एक होतील. छान वाटतं ऐकायला. खरं म्हणजे भांडणात पडायचा कंटाळा होता. माया म्हणायची आणि कंटाळा झाकायचा.

आणि त्या तारेपायी सुरेशनं सख्ख्या भावाला भर गल्लीत आईचा वैरी म्हटलं.

२० फेब्रु.

आनंदाकडं गेलो, सांगायचं ठरवून. शालननं चहा दिला. आनंदा उसाच्या तोडकऱ्यांची टोळी कधी येणार यावर बोलला. मीही बोललो. मग भुंग्याच्या औषधावर बोललो. मग उठलो. शालन म्हणाली, "मामा, कशासाठी आला हुतासा?" म्हटलं, असाच.

कोपऱ्यात कॉइल टांगलेली होती. वायरला एका जागी चिकटपट्टी गुंडाळलेली.

२१ फेब्रु.

परत गेलो. आनंदा घरी नव्हता. खरं सांगायचं तर तो नसेल अशीच वेळ बघून गेलो.

२४ फेब्रु., मंगळवार

आक्का आमच्याकडं आली, एकटी, काठी टेकत. ही भाजी निवडत होती, तिला आत पाठवलं. मग म्हणाली,

"गणू, तुला ठावं हाय न्हवं जोड कुठं हाय ते?"
"व्हय."
"म्या तवा तुला गिलावा मारताना बघितलाय. मी तिथंच बसलेली, दोन दिस जेवले नव्हते. म्हटलं हा का एवढ्या घाईनं थापतोय."
"मग बोलली का न्हाईस?"
"तू का न्हाई बोललास? त्याच कारणानं."

जाताना म्हणाली, "आवघड हाय खरं. पर मी मेल्यावर सांगण्यापरीस आधी सांगितलेलं बरं. मला तरी ऐकायला मिळंल."

२५ फेब्रु.

सांगितलं आनंदाला. ओसरीवर, दिवसाउजेडी, शालनच्या समोर. आडवळण न घेता.

तो वैरण कापत होता. थांबला. म्हणाला, "अकरा वर्सं?"
"अकरा."
"सुरेशनं मला गल्लीत आईचा वैरी म्हटलं. तवा तुमी कट्ट्यावर बसला हुतासा, मामा. म्या बघितलं तुमास्नी."
"व्हय."
"मला वाटलं मामा आता उठतील. मामा उठलं की बोलतील कायतरी."

तो परत वैरण कापू लागला. मग विळीवरनं मान वर न करता, "तुमच्या हातचं काम आता माझ्या घरात नको."

दाजींनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, मला या गावात आणलं. त्यांच्याच घरात पहिला बल्ब मी लावला. सोळा-सतरा वर्षांचा असेन. चौथीपर्यंत शिकलेला पोरगा, तारेला तार जोडायला स्वतःच शिकलेला. बल्ब लागला तेव्हा आनंदा पाळण्यात होता. हसला होता त्या उजेडाकडं बघून.

२६ फेब्रु.

सुरेशला सांगितलं. त्याचं काम वेगळं, तो ओरडत नाही. उभा राहिला, हात मागं बांधून, साहेबासमोर असतात तसा. शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजी दादानं काई केलं न्हवतं?"
"काईबी न्हाई."
"आन् डायरेक्ट तुमीच केलीसा. आन् मला म्हनालासा, डब्या खराब येत्यात."
"व्हय."
आत गेला. दार लोटलं नाही, आपटलंही नाही. उघडंच राहिलं. मनीषा मधल्यामध्ये उभी, चहा ठेवू का नको ते तिला कळेना. मी उठलो.

दोन्ही घरांची दारं मला एकदम बंद. बरोबर आहे. केल्याचं देणं कुणाला चुकलंय.

१ मार्च, रविवार

आज आक्कानं काय केलं!

पाळीचा दिवस. सुरेशनं ट्रंक बाहेर आणली, उंबऱ्यावर ठेवली. आनंदा उचलायला आला. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिकडं न्हाई जात मी." सुरेशला वाटलं इथंच राहणार. "हितंबी न्हाई. माझ्या म्हायेरी चाललेय." आणि काठी टेकत सरळ आमच्या घराची वाट धरली.

ब्याऐंशीव्या वर्षी माहेरपण! दोन ल्योक मागं ट्रंकेच्या दोन बाजूंना उभे. मग शेवटी गल्लीतल्या एका पोरीनं ट्रंक आणून पोचवली.

हिला इतका आनंद की विचारू नये. "वन्सं, बसा. आवं, खुर्ची द्या की त्यास्नी, बघत काय बसलाय!" पुरणाला डाळ टाकली. मी बाजूला जाऊन बसलो. मला वाटलं आक्का माझ्यावर रागावली असेल. जेवताना म्हणाली, "तुझ्या घरात तरी हाय का रं ती डबी?"

नव्हती. वायरमनच्या घरात. सगळ्या गावाचं करून घरचं राहिलं.

३ मार्च

पल्लवीनं आमच्या घराला डबी बसवली. टिकली. आक्कानं स्वतः बटन दाबून बघितलं. "असं पडती व्हय! एवढी चुन्याच्या डबीवानी, आन् केवढं ऐकती!"

५ मार्च

गावात चर्चा. म्हातारीला दोन्ही पोरांनी बाहेर काढलं म्हणे. दोघांच्याही कानावर गेलंय. आनंदा डेअरीत दूध घालायला गेला तिथं कुणीतरी टोचलं. सुरेशला आष्ट्यात फोन गेला. आक्का खुशाल. "बोलू दे की. दोघांबद्दल एकच बोलत्यात न्हवं? तेवढं तरी एकासारखं वाटून घेऊ दे."

मी म्हटलं, आक्का, मी सांगतो लोकांना खरं काय ते. म्हणाली, "तू कट्ट्यावर बसूनच सांग. तिथंच गप बसला हुतास."

गेलो. सांगितलं. सात-आठ जण होते. बोलून झाल्यावर एक जण म्हणाला, "मामा, आमच्या घरातबी असलं कायतरी ठेवलंय काय तुमी?" हसले सगळे. मी हसलो नाही. मला एकेक घर आठवत होतं.

८ मार्च, रविवार

दोघंही आले, वेगवेगळे. आधी सुरेश. "आई, चल घरला." मग अर्ध्या तासानं आनंदा. सुरेश अजून बसलेलाच. आनंदा दारात थबकला. परत जाणार होता, आक्का म्हणाली, "ये की. खातोय काय त्यो?"

बसला. भिंतीकडं तोंड करून.

आक्कानं एकच सांगितलं. भिंत फोडा, जोड सोडवा, दोन्ही घरांत डब्या बसवा, मग पाळी चालू. "आन् देव हलवायचं तर दोघांनी हात लावायचा. एकाचा हात लागला तर मला चालणार न्हाई."

आनंदा म्हणाला, "मामांच्या हातचं काम नको म्हटलंय म्या."
मी म्हटलं, "नकोच. पल्लवी करंल."

आनंदा हळूच म्हणाला, "देवघरात?"

न बोललेलं सगळ्यांना कळलं. मलाही. आठ वर्षांपूर्वी तिला परत पाठवताना मी पोरीच्या जातीचं कारण पुढं केलं होतं. मनात दुसरंही कारण होतं, ते हेच. आज हे लिहिताना पेन थांबतो, पण लिहितो.

या वेळी कट्ट्यावर बसल्यासारखं बसलो नाही. म्हटलं, "आनंदा, आक्काचा जीव तिनं वाचवला. मी घालवत हुतो. तुझ्या घरात कुणी यायचं आन् कुणी न्हाई, हे ह्यावरनं ठरीव."

आक्का म्हणाली, "देव हलवलं की ती नुस्ती भिंत ऱ्हाती, लेकरा."

सुरेश पहिल्यांदा आनंदाकडं तोंड करून बसला, पण बोलला आक्काशीच. "गुरवारी मला सुट्टी हाय म्हणावं."

१२ मार्च, गुरुवार

दु. दीड. अजून चालू आहे. जेवायला घरी आलोय, तेवढ्यात लिहितो.

सकाळी आठला देव हलवले. शालननं दिवा लावला, दोघांनी आंघोळी करून, ओल्या पंच्यानं. फळी मोठी, सागवानी. एका टोकाला आनंदा, दुसऱ्या टोकाला सुरेश. उचलताना सुरेशची बाजू जरा वर झाली, टाक सरकले. आनंदा म्हणाला, "खाली." सुरेशनं खाली घेतली. एवढंच. पाटावर ठेवले, वर धूतवस्त्र टाकलं.

मला दारापर्यंत यायची परवानगी मिळाली. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

पल्लवीनं गिलावा फोडला. पेटी निघाली. माझं काम बघून बरं वाटेल असं वाटलं होतं. टेपचा भुगा झालेला, तांबं हिरवं पडलेलं, पीळ तेवढा अजून घट्ट. तिनं पक्कड माझ्याकडं करून बघितलं. मीच मानेनं नको म्हटलं. तिनं सोडवला. दोन्ही तारा आपापल्या घराकडं वळवल्या.

सुरेशच्या घराची डबी वर केली. आनंदाला मोटर चालू करायला सांगितली. मिक्सर लावला, पंखे लावले. डबी जागची हलली नाही. मनीषा भिंतीपलीकडनं ओरडली, "हाय! लाइट हाय!"

मग आनंदाच्या घरात डबी बसवली. वर केली. पडली.

परत वर केली. पडली.

शालन म्हणाली, "आता काय? जोड तर सुटला." पल्लवी मीटर धरून बघत होती. "हे जोडाचं नाही, काकू. तुमच्याच घरात कुठंतरी करंट जमिनीत उतरतोय. खराखुरा. डबी सांगतेय ते ऐकायला पाहिजे." मला आक्काची बादली दिसली, कॉइल दिसली. कॉइल तर सकाळीच काढून टाकली होती. तरी पडत होती. म्हणजे दुसरं काहीतरी. किती वर्षं, कुणास ठाऊक. या घरात आक्कानं एक आड एक महिना काढलाय.

आता एकेक लाइन सोडवून बघायची. पल्लवी पेटीपाशी तारा सोडवते. आनंदा आत जाऊन फ्रिज, टीव्ही, पंप, एकेक पिन काढतो. डबी वर करायला कुणीतरी बोर्डपाशी पाहिजे. मी पाऊल उचललं होतं. त्याआधी सुरेश जाऊन उभा राहिला.

मधनं दोन खोल्या. दिसत नाहीत एकमेकांना.

आतनं आनंदा, "आता?"
बोर्डपासनं सुरेश, "पडली."
"आता?"
"पडली, दादा. मागच्या खोलीचं बघ."
"बघितलं. आता?"
"थांब. ... पडली."

साडेनऊपासनं हेच चाललंय. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून मोजत नव्हतो, नुसता ऐकत होतो.

घरी आलो तर आक्का ट्रंक बांधून, चपला घालून बसलेली.
"सापडलं का रं?"
"न्हाई अजून. चार लाइनी ऱ्हायल्यात."
"दोघंबी आतच हाईत?"
"हाईत. वरडत्यात एकमेकाला."
आक्कानं चपला काढून खुर्चीखाली सारल्या.
"मग मी हितंच जेवती आज," म्हणाली. "वहिनी, वाढ गं."